टॅन लावल्यावर पट्टे आणि डाग का पडतात? डागावरून कारण ओळखण्याची रीत

शरीरसौष्ठव स्पर्धांचा हंगाम जवळ आला की सोलापुरातल्या व्यायामशाळांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. मंचासाठी टॅन, म्हणजे त्वचेला तपकिरी रंग आणणारे लोशन, लावला, रात्रभर ठेवला आणि सकाळी पाठीवर पट्टे, कोपरांवर काळपट डाग आणि पोटावर फिकट चट्टे दिसू लागले. मग सगळा दोष बाटलीवर ढकलला जातो, पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची, अधिक महागाची बाटली आणली जाते आणि डाग पुन्हा त्याच जागी उमटतात. बाटली बदलूनही डागाची जागा बदलत नसेल, तर कारण त्या जागेच्या त्वचेत तरी असते किंवा टॅन लावण्याच्या आधी आणि नंतर आपण त्या जागेशी जे काही करतो त्यात तरी. डागाचा आकार आणि त्याची कड नीट पाहिली, तर हे कारण बहुतेक वेळा घरच्या घरी ओळखता येते, आणि कारण कळल्याशिवाय आणखी एक हात मारणे म्हणजे डाग पक्का करणे होय.

त्यासाठी टॅन त्वचेवर काय करतो हे थोडक्यात समजून घ्यावे लागते. या लोशनमधला मुख्य घटक डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन, म्हणजेच डीएचए, ही एक साधी शर्करा आहे. तिला स्वतःचा तपकिरी रंग नसतो. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात जी प्रथिने असतात त्यांच्या अमिनो आम्लांशी तिची अभिक्रिया होते आणि त्यातून तपकिरी संयुगे तयार होतात. ज्वारीची भाकरी तव्यावर भाजताना तिच्यावर जे तांबूस डाग उठतात, त्यामागेही याच जातीची, मेलार्ड या नावाने ओळखली जाणारी अभिक्रिया असते. हा गुण लक्षात आला तो १९५०च्या दशकात. अमेरिकेतल्या सिनसिनाटी येथे इव्हा विटगेनस्टाइन या संशोधक एका चयापचयाच्या आजाराच्या मुलांना हे द्रव्य तोंडावाटे देत होत्या आणि सांडलेल्या थेंबांच्या जागी त्वचा तपकिरी झालेली त्यांना दिसली.

यातून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात. मृत पेशींचा थर जिथे जाड, तिथे रंग गडद येतो. त्वचा आणि लोशन यांच्यामध्ये तेल, साबण किंवा घाम आला, तर तिथे रंग फिकट येतो. आणि हा रंग लगेच दिसत नाही. तो दोन ते चार तासांनी उमटू लागतो आणि पुढे एक दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ, गडद होत जातो. लावता क्षणी अंगावर जो रंग दिसतो तो बहुतेक वेळा ब्राँझरचा, म्हणजे कुठे लावले आणि कुठे राहिले हे कळावे म्हणून लोशनमध्ये मिसळलेला वरवरचा रंग असतो, आणि तो पहिल्या पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून पहिले पाणी घेण्यापूर्वी दिसणाऱ्या पट्ट्यांवरून काहीही ठरवू नये. रात्री अकरा वाजता आरशात पट्टा दिसला म्हणून घाबरून त्यावर पुन्हा लोशन चोळणारे अनेक जण असतात. सकाळी ब्राँझर निघून जातो आणि खाली खराखुरा, दुप्पट गडद पट्टा तयार झालेला असतो.

फिकट चट्टे: तेल, साबण आणि पाणी

आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा दोष हाच आहे. कड अस्पष्ट असलेला, ढगासारखा पसरट, फिकट चट्टा छातीवर, खांद्यावर किंवा मांडीवर दिसला, तर पहिला संशय तेलाचा घ्यावा. तालमीची सवय असलेल्या घरांत अंगाला तेल चोळून अंघोळ करण्याची रीत अजून टिकून आहे आणि ती एरवी चांगलीही आहे, परंतु टॅनच्या आदले दोन दिवस मालीश पूर्णपणे बंद ठेवावे. एका अंघोळीने तेल गेले असे वाटते, मात्र खांद्याच्या मागच्या बाजूला, बरगड्यांच्या कडेला आणि केसांच्या मुळांशी त्याचा पातळ थर राहतोच. काही ठिकाणी व्यायामानंतर लावायची वेदनाशामक मलमे आणि स्प्रेही असाच थर सोडतात. चट्टा नेमका दुखऱ्या खांद्यावर किंवा गुडघ्याच्या वर पडत असेल, तर शोध इथेच संपतो.

दुसरा संशय साबणाचा. डीएचए किंचित आम्लधर्मी स्थितीत स्थिर राहते आणि साध्या साबणाची वडी अल्कधर्मी असते. त्यातच आपल्या शहरातील पाण्याचा प्रश्न येतो. नळाला रोज पाणी येत नसल्याने अनेक घरांत अंघोळीला बोअरचे पाणी वापरले जाते, आणि ते क्षारयुक्त, जड असते. जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि साबण व क्षार मिळून एक चिकट साय त्वचेवर राहते. बादलीच्या आतल्या बाजूला पांढरा थर बसतो, तोच प्रकार. टॅनच्या आधीच्या शेवटच्या अंघोळीसाठी शक्य असेल तर उजनीच्या नळाचे साठवलेले पाणी वापरावे. साबणाऐवजी सौम्य बॉडीवॉश घ्यावा आणि शेवटचे दोन तांबे नुसत्या पाण्याचे घ्यावेत. अंघोळीनंतर डिओडरंट, पावडर, अत्तर यांतले काहीही लावू नये. काखेत हिरवट किंवा राखाडी छटा दिसली, तर ती बहुधा डिओडरंटच्या अवशेषांची असते आणि मंचावरच्या प्रखर दिव्यांत ती फार वाईट दिसते.

फिकट जागा पूर्ण वाळलेल्या त्वचेवर लहान ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने भरता येते. लोशनमध्ये थोडे मॉइश्चरायझर मिसळावे, चट्ट्याच्या मध्यभागी लावावे आणि कडेकडे पातळ करत न्यावे. सबंध छातीवर पुन्हा हात फिरवल्यास फिकट जागा आणि आजूबाजूची जागा दोन्ही गडद होतात, मात्र त्यांच्यातला फरक तसाच राहतो.

गडद डाग: कोपर, गुडघे, घोटे

कोपर, गुडघा, घोटा, टाच आणि बोटांची पेरे या ठिकाणी मृत पेशींचा थर जाड आणि कोरडा असतो, त्यामुळे तो लोशन अधिक शोषतो आणि तिथे रंग गडद होतो. सोलापूरची हवा वर्षातला मोठा काळ कोरडी असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो, आणि पहाटेच्या थंडीत भेगा पडलेल्या टाचा घेऊन फिरणारे लोक तर आपण सगळेच पाहतो. म्हणून हा दोष इथे जरा जास्तच दिसतो. उपाय दोन टप्प्यांचा आहे. टॅनच्या आदल्या दिवशी अंग घासून मृत पेशी काढाव्यात. त्यासाठी घासणी किंवा खरखरीत कापड चालते. डाळीच्या पिठाचे उटणेही चालते, मात्र त्यात तेल किंवा साय घालू नये. नंतर प्रत्यक्ष टॅन लावताना या सांध्यांवर आधी साध्या, तेलविरहित मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात द्यावा आणि मग लोशन नव्याने न घेता हातमोज्यावर उरलेलेच तिथे पुसावे. कोपर आणि गुडघा किंचित वाकवून लावावे. सरळ ठेवून लावल्यास सुरकुत्यांच्या आत कोरी त्वचा राहते आणि स्पर्धक मंचावर हात वाकवतो तेव्हा ती पांढऱ्या रेषांसारखी उघडी पडते.

अंगभर बारीक काळे ठिपके आले असतील, तर कारण केसांच्या मुळांशी आहे. दाढीचे पाते किंवा वॅक्स फिरवल्यानंतर ही छिद्रे काही काळ उघडी असतात आणि त्यांत लोशन साचते. अंगावरचे केस टॅनच्या किमान एक दिवस आधी काढावेत. वॅक्स केले असेल तर दोन दिवसांचे अंतर ठेवावे. पात्यानंतर तुरटी फिरवण्याची सवय असेल तर त्वचा नंतर साध्या पाण्याने धुऊन घ्यावी.

पट्टे: हाताचे, घामाचे आणि पाण्याचे

पट्ट्यांचे तीन प्रकार असतात आणि ते एकमेकांपासून सहज वेगळे ओळखू येतात. समांतर, सरळ कडांचे, हाताच्या किंवा रोलरच्या रुंदीएवढे पट्टे असतील तर ते लावण्याच्या पद्धतीतून आले आहेत. लोशन कोरडे व्हायला लागल्यावर त्यावर पुढचा हात आला की जोडाची रेषा गडद होते. आपल्या कोरड्या हवेत, आणि त्यातही पंखा डोक्यावर जोरात चालू असताना, लोशन फार लवकर सुकते. म्हणून लावताना पंखा बंद ठेवावा आणि शरीराचा एकेक भाग पूर्ण करूनच पुढे जावे. आधी वरून खाली लांब हात फिरवावा, मग लगेच गोलाकार फिरवून जोड मिटवावेत. पूर्ण झाल्यावर मात्र हलका वारा उपयोगी पडतो. प्रत्येक हातानंतर दहा ते पंधरा मिनिटे हात-पाय फाकवून उभे राहावे. पाठ स्वतःची स्वतः लावण्याचा हट्ट कोणीही करू नये. खांद्यांच्या पाठीमागच्या हाडांमधली जागा हाताला पुरत नाही, आणि तिथला उरलेला कोरा त्रिकोण परीक्षकांना पाठीच्या पोझमध्ये सर्वांत आधी दिसतो.

वरून खाली ओघळ गेल्यासारखे, कमी-अधिक रुंदीचे फिकट पट्टे घामाचे असतात. पाठीच्या कण्यावर, छातीच्या मध्यभागी आणि कानामागून मानेवर ते येतात. टॅन दिवसाच्या थंड वेळी लावावा. अंघोळीनंतर लगेच लावू नये, कारण गरम पाण्याने तापलेले शरीर अर्धा तास तरी घाम सोडत राहते. लावल्यानंतर पहिले सहा ते आठ तास व्यायाम, स्वयंपाकघरातील गॅसजवळचे काम आणि दुचाकीवरचा प्रवास टाळावा. उमेदवार पोरे टॅन लावून मित्राच्या गाडीवर बसून वजन द्यायला जातात आणि मागे बसल्यावर मांडीच्या आतल्या बाजूचा रंग सीटला पुसून येतो. यात लोशन बिचारे काय करणार?

तिसरा प्रकार पाण्याचा, आणि त्याबद्दल संकोचामुळे कोणी बोलत नाही. मांडीच्या मागे, पोटऱ्यांवर आणि पावलांवर लहान-लहान थेंबांच्या आणि ओघळांच्या खुणा दिसत असतील, तर त्या शौचालयातल्या पाण्याच्या असतात. बादली आणि तांब्या वापरताना उडालेले पाणी ताज्या टॅनवर पडले की तेवढ्या जागी लोशन वाहून जाते. पहिले काही तास जपून पाणी वापरावे, उडालेले पाणी न घासता लगेच टिपून घ्यावे. हाताचेही असेच होते. टॅन लावून झाल्यावर भाजी-भाकरी हाताने खाऊन हात धुतले, की उजव्या हाताची बोटे आणि मनगटापर्यंतचा भाग फिकट पडतो आणि डावा हात व्यवस्थित राहतो. दोन्ही हातांच्या रंगात असा फरक दिसला तर जेवणाचा विचार करावा. त्या रात्री चमच्याने जेवावे, आणि लोशन लावताना हातमोजे घालून शेवटी हाताच्या पाठीवर वेगळा पातळ हात द्यावा. तळव्यांवर टॅन अजिबात लागू देऊ नये, कारण तिथली त्वचा जाड असल्याने ते नारिंगी होतात आणि काही केल्या चटकन निघत नाहीत.

सरळ, बारीक रेषा: करदोडा, माळ आणि टॉवेल

कमरेभोवती एकसारखी बारीक फिकट रेषा दिसणे म्हणजे करदोडा. मनगटावर दोरा, गळ्यात माळ, खांद्यावरून जानवे यांच्याही अशाच रेषा पडतात. ज्यांना हे काढणे श्रद्धेमुळे मान्य नाही, त्यांनी ते काढावे असे सांगण्याचा प्रश्नच येत नाही. करदोडा वर सरकवून खालची जागा रंगवावी, ती वाळल्यावर खाली सरकवून वरची रंगवावी आणि रात्री तो ढिला ठेवावा. चड्डीच्या इलॅस्टिकची रेषा यापेक्षा रुंद आणि दातेरी असते. तिच्यासाठी पहिल्या रात्री सैल, जुना, गडद रंगाचा सुती पायजमा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वापरणे एवढेच पुरते.

टॉवेलचा दोष विशेष सोलापुरी आहे, असे गमतीने म्हणता येईल. इथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच्या उभ्या धाग्यांचा खरखरीतपणा अंग कोरडे करायला उत्तमच, परंतु टॅनच्या पहिल्या पाण्यानंतर त्याच टॉवेलने नेहमीप्रमाणे खसाखसा अंग पुसले, तर रंगलेल्या मृत पेशी निघून येतात आणि हाताच्या हालचालीच्या दिशेने ओरखड्यांसारखे हलके पट्टे तयार होतात. पहिल्या पाण्यानंतर अंग फक्त टिपावे, आणि त्यासाठी मऊ पडलेला जुना पंचा अधिक बरा. अंथरायलाही जुनी चादर घ्यावी. नव्या पांढऱ्या चादरीवर ब्राँझरचा डाग पडला की घरातल्या बाईमाणसांचे बोलणे ऐकावे लागते आणि ते योग्यच असते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ज्याला पांढरी बाराबंदी घालायची आहे, त्याने तर स्पर्धा आणि यात्रा यांच्यात अंतर असल्याची खात्री करूनच टॅन लावावा.

वेळेचे गणित आणि मंचाचा रंग

मंचावरचे दिवे रंग खाऊन टाकतात, म्हणून स्पर्धक एकापेक्षा अधिक हात देतात. हे हात एकाच रात्री घाईने एकावर एक न देता आदल्या दिवशी सकाळी पहिला, तो सहा ते आठ तास मुरल्यावर साबणाशिवाय कोमट पाण्याने अंग धुऊन पूर्ण वाळल्यावर दुसरा, अशी आखणी ठेवावी. स्पर्धेच्या सकाळी उरलीसुरली कसर वरच्या रंगाने भरून काढतात, मात्र इथे नियम पाहावेत. आंतरराष्ट्रीय महासंघ आयएफबीबीच्या नियमांनुसार पुसल्यावर निघून येणारा रंग लावून मंचावर येता येत नाही आणि अंगाला जास्त तेल फासणेही चालत नाही. स्थानिक स्पर्धांचे आयोजक कोणत्या संघटनेचे नियम पाळतात, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे.

रंग नारिंगी झाला, तर तो बहुधा डीएचएचे प्रमाण त्वचेच्या मानाने जास्त झाल्याचा किंवा हात जास्त झाल्याचा परिणाम असतो. बाजारातल्या लोशनमध्ये हे प्रमाण कमी-अधिक असते. गव्हाळ त्वचेला किती पुरते ते स्पर्धेच्या दोन आठवडे आधी एका हातावर लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. मृत पेशी गळत जातात तसा हा रंगही साधारण आठवड्याभरात उतरतो, त्यामुळे चाचणीचा डाग स्पर्धेपर्यंत राहत नाही. याच चाचणीत खाज, पुरळ किंवा लाली येते का तेही कळते. आली तर ते लोशन वापरूच नये.

झालेला गडद डाग उतरवण्यासाठी लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. नुकतेच केस काढलेल्या त्वचेवर तो चांगलाच झोंबतो आणि स्पर्धेच्या दिवशी रंगाऐवजी लाल चट्टा मंचावर न्यावा लागतो. त्यापेक्षा डागापुरते खोबरेल तेल लावून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने गोलाकार हलके पुसावे आणि गरज वाटल्यास काही तासांनी पुन्हा करावे. तेल मात्र डागाबाहेर जाऊ देऊ नये, नाहीतर शेजारी फिकट चट्टा तयार होतो. डाग एका खेपेत पूर्ण जात नाही. कड पुसट झाली की लांबून तो दिसत नाही, आणि परीक्षक लांबच बसलेले असतात.

काही सावधगिरी सर्वांसाठी आहे. डीएचएला मान्यता आहे ती केवळ त्वचेवर बाहेरून लावण्यासाठी. ते ओठांना, डोळ्यांजवळ किंवा नाकाच्या आत लागू देऊ नये. फवारा वापरत असाल तर डोळे झाकावेत, नाकाशी कापड धरावे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. टॅन लावल्याने त्वचेला उन्हापासून पुरेसे संरक्षण मिळते हा समज चुकीचा आहे, उलट लावल्यानंतरचा पहिला दिवस ऊन टाळणेच चांगले. कोडाच्या पांढऱ्या डागांवर रंग जुळवण्यासाठीही हेच द्रव्य वापरतात, परंतु तिथे प्रमाण आणि पद्धत त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावी. व्यायामशाळेतल्या मित्राचा सल्ला त्या कामाचा नव्हे.

वर सांगितलेले सर्व पाळूनही रंग सगळीकडेच फिकट, निस्तेज आणि उग्र वासाचा येत असेल, तर तेव्हा मात्र बाटलीकडे वळावे. डीएचए उष्णतेने बिघडते आणि चाळीस अंशांच्या वर ठेवल्यास त्याची ताकद लवकर कमी होते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत राहिलेल्या बाटलीकडून एकसारख्या रंगाची अपेक्षा करता येत नाही. गेल्या हंगामातली अर्धी उरलेली बाटलीही शक्यतो वापरू नये. नवी बाटली घेताना तिच्यावरची उत्पादनाची आणि मुदतीची तारीख पाहावी, दुकानाच्या उन्हातल्या काचेच्या कपाटातली न घेता आतली मागून घ्यावी आणि घरी आणल्यावर झाकण घट्ट लावून माठाजवळच्या गार, अंधाऱ्या फडताळात ठेवावी.